वेल फुलते, पण धरत नाही

दवाखान्यात येणारा माणूस बहुधा स्वतःच्या शरीराची तक्रार घेऊन येतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तळोदा तालुक्यातील एका पुनर्वसन वसाहतीतून आलेल्या सत्तरीच्या आजींनी मात्र आपल्या डोळ्यांविषयी दोनच वाक्ये सांगितली आणि उरलेला वेळ भोपळ्याच्या वेलीविषयी बोलण्यात घालविला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. समोरचा माणूस त्यांना आकाराने कळे, चेहऱ्याने नाही. त्याची त्यांना फारशी खंत दिसली नाही. “वेल फुलते, पण धरत नाही,” त्या म्हणाल्या. “बोराएवढे भोपळे लागतात, पिवळे पडतात आणि गळून जातात. मणिबेलीला असे कधी झाले नाही.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “इथली वेल मुकी आहे, डॉक्टर. सकाळी तिच्याजवळ बसले तरी काही ऐकू येत नाही.”

मी त्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी लिहून दिली. वेलीविषयी काय सांगावे ते सुचेना, म्हणून खत कमी पडत असेल असे काहीसे बोलून गेलो. ते उत्तर चुकीचे होते, हे मला त्याच वर्षी ऑक्टोबरात कळले.

‘मुकी’ हा शब्द मात्र मी विसरलो नाही. वाढत्या वयात ऐकू कमी येते ते सगळ्या आवाजांचे सारखे नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणूनच आजोबांना सुनेचे बोलणे ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘त’ यांतला फरक कळत नाही, आणि घरात विनाकारण रुसवेफुगवे होतात. खालच्या पट्टीचे आवाज पुष्कळ काळ टिकतात. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. त्यातून निघणारी गुणगुण बरीच खालच्या पट्टीतील असते, आणि भुंग्याची तर त्याहून खालची. दृष्टी गेलेल्या सत्तरीच्या बाईला वेलीवर माशी आहे की नाही हे ऐकून कळावे, यात वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नवल नाही. नवल एवढेच, की मला दोन चांगले डोळे असून मी कोणत्याही वेलीजवळ तसा कधी बसलो नव्हतो.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्याचे नर्मदेच्या दक्षिण काठावरील गाव. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीजवळचे असल्यामुळे महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांना बुडिताचा फटका बसला, त्यांत त्याचे नाव सर्वांच्या आधी येते. १९९०च्या दशकाच्या आरंभी येथील घरे पाण्यात जाऊ लागली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही याच पाण्याखाली गेले. १९९४ साली मोठ्या धरणांना मिळणाऱ्या जागतिक बँकेच्या कर्जाविरुद्ध जगभरातील संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला या गावाचे नाव देण्यात आले. धरणाची उंची वाढत वाढत १३८.६८ मीटरवर गेली आणि २०१९च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच तिथवर भरला. काही कुटुंबे खाली सपाटीवर वसली, काही डोंगरात वर सरकली. नदीकाठची काळी, सपाट, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आज पाण्याखाली आहे, आणि उरलेली शेती बहुतेक उतारावर आहे.

आरोग्य तपासणीच्या शिबिरासाठी मी तेथे गेलो तो ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. अखेरचा टप्पा बोटीने. पाणी निश्चल, आणि त्यातून कुठे कुठे वाळलेल्या झाडाचा शेंडा वर आलेला. वळण घेतल्यावर समोरचा उतार एकदम पिवळा दिसला. ती खुरासणी होती. पश्चिम महाराष्ट्रातील वाचक तिला कारळे म्हणतात आणि तिची चटणी भाकरीबरोबर खातात. पिवळ्या चकत्यांसारखी तिची फुले दसऱ्याच्या सुमारास डोंगर व्यापून टाकतात.

आजी तेथे होत्या. धाकट्या मुलाची सपाटीवरची वसाहत सोडून त्या थोरल्याकडे परत आल्या होत्या. शस्त्रक्रिया अजून झालेली नव्हती. कुडाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कौलांवर चढलेल्या वेलीला सात भोपळे लटकत होते. ते त्यांनी मला हाताने चाचपून मोजून दाखविले. रक्तदाब घेताना मी त्यांना गप्प राहायला सांगितले, आणि त्या दोन मिनिटांच्या शांततेत मलाही ते ऐकू आले. उतारावरून एक सलग, मंद घुमणारा नाद येत होता. आशाताईंनी त्यांच्या बोलीतून माझ्यासाठी अर्थ सांगितला : “आजी म्हणतात, आता ऐकलंत ना?”

दुपारी रुग्ण ओसरल्यावर मी त्या शेतातून चालत गेलो. शेत म्हणजे आपल्या डोळ्यांना सवयीचे सरळ तासांचे शेत नव्हे. ज्वारी आणि मक्याच्या मध्ये तूर, तुरीच्या पायाशी उडीद, कडेला अंबाडी, वरच्या हलक्या जमिनीत खुरासणी, मध्ये मध्ये चवळी आणि काकडीचे वेल. तीळ नुकताच काढलेला होता. तुरीच्या पिवळ्या फुलांवर काळा, जाडजूड भुंगा आपल्या वजनाने फूल वाकवीत होता. खुरासणीवर तर गर्दीच होती : सातेरी मधमाश्या, त्यांच्याहून लहान फुलोरी, एखाददुसरी मोठी आग्या, शिवाय ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत असे कितीतरी लहान जीव. खुरासणीचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग कोणीतरी आणून दिला तरच दाणा भरतो. म्हणजे तो पिवळा उतार किड्यांना जेवू घालीत होता आणि किडे त्या उताराला तेल देत होते.

भोपळ्याचे त्याहून नाजूक आहे. एकाच वेलीवर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी असतात. मादीफुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच असतो, तो पाहून सहज ओळखता येते. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, पुन्हा उघडत नाही. त्या तीन-चार तासांत नरफुलाचा जड, चिकट पराग मादीफुलापर्यंत पोचला पाहिजे. वाऱ्याने तो उडत नाही. माशी आली नाही, किंवा एखादीच येऊन थोडा पराग ठेवून गेली, तर मागचा बोराएवढा भोपळा पिवळा पडून गळतो, नाहीतर एका बाजूने वाढून वाकडा होतो. आजींच्या मुक्या वेलीचे दुखणे हेच होते. (जाता जाता दम्याच्या रुग्णांसाठी : जो पराग असा चिकट असून किड्यांच्या पायांनी प्रवास करतो, तो तुमच्या नाकापर्यंत सहसा येत नाही. त्रास देतो तो वाऱ्यावर उडणारा, गवतांचा, एरंडाचा. आजोबांना खोकला येतो म्हणून दारची भोपळ्याची वेल उपटणाऱ्या घरांना हे सांगावेसे वाटते.)

मग सपाटीवर माश्या का नव्हत्या? तेथे फुले नव्हती असे नाही. उलट कपाशीचा बहर आला की शेकडो एकर एकदम फुलते. आज मलईच्या रंगाचे, उद्या गुलाबी होणारे ते फूल मधमाश्यांना आवडते. आपण डॉक्टर लोक ज्येष्ठांच्या आहाराविषयी जे बोलतो तेच येथे लागू पडते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर आणि पुढचे दोन दिवस नुसता चहा, असे करणाऱ्या आजोबांचे महिन्याचे अन्न मोजले तर कदाचित पुरेसे भरेल. शरीर मात्र सरासरीवर जगत नाही. मधमाशीच्या पोळ्याला वर्षभर खावे लागते. एकट्याने राहणाऱ्या माश्यांना, आणि मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती अशाच आहेत, निदान आपल्या पिढीच्या काही आठवड्यांत रोज काहीतरी फुललेले लागते, आणि तेही जवळ, कारण त्यांतल्या लहान जाती काहीशे मीटरांपलीकडे जात नाहीत. एका पिकाचा सरसकट बहर म्हणजे पंधरा दिवस ते महिनाभराची मेजवानी. तिच्या आधी आणि नंतर शिवारात काहीच नसेल तर मेजवानीला यायला कोणी शिल्लक राहत नाही.

युरोपात मोहरीच्या कुळातील रेपसीड या तेलबियाच्या पिकावर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. ते पीक फुलते तेव्हा आसपास बंबलबी या केसाळ माश्यांची संख्या वाढते आणि त्यांची घरटीही वजनदार होतात. पण त्या सुबत्तेतून पुढच्या वर्षीच्या राण्या अधिक निपजतातच असे आढळले नाही. बहर ओसरल्यावर पुढे खायला काय आहे, यावर ते अवलंबून राहते.

आमच्या सपाटीवरील पिके या नजरेने पाहिली तर यादी उदास करणारी आहे. केळी परागाशिवायच धरते आणि तिच्या बागेत वर्षभर दुसरे काही उगवू देत नाहीत. ऊस फुलण्याआधी तोडतात. पपईच्या ज्या जाती आपल्याकडे लावल्या जातात त्या बव्हंशी स्वतःच फळतात. मिरचीसाठी नंदुरबार प्रसिद्ध आहे, पण मिरचीवर फुलकिडे पडतात, ते नावाप्रमाणे फुलात दडतात, आणि म्हणून फवारा फुलावरच बसतो. मारायचा किडा आणि उपकार करणारा किडा एकाच फुलात असतात. बांध नांगरून एकसारखे केलेले, म्हणून जमिनीत बिळे करून राहणाऱ्या माश्यांना जागा नाही. वाळका बांबू नाही, जुने लाकूड नाही, म्हणून भुंग्याला घर नाही. मणिबेलीच्या कुडाच्या भिंतीत मी बोट जाईल न जाईल अशी बारीक भोके मोजली. एका हाताच्या रुंदीत अकरा भरली. त्यांतल्या दोहोंतून डोकी बाहेर डोकावत होती.

आणि डोंगरात शेतीचा बहर संपला तरी रान सुरू होते. आंब्याचा मोहोर, सावर, पळस, मग मोह, जांभूळ, करंज, पावसाच्या तोंडावर चिंच. पुन्हा आषाढ-श्रावणात वेल आणि तीळ, भाद्रपदात ज्वारी-मक्याचे तुरे. तेही मधमाश्या सोडत नाहीत, त्यांत मध नसला तरी पराग असतो. एक ताट उचलले जाण्याआधी दुसरे मांडलेले असते. नदीकाठचे जे रान बुडाले त्याने या पंगतीतील काही पाने कायमची उठविली, हे विसरता येत नाही. मणिबेली हे काही हरवलेले नंदनवन नव्हे. तेथे कुपोषण आहे, सिकलसेल आहे, आणि पावसाळ्यात दवाखाना गाठणे ही अजूनही परीक्षा आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात किड्यांविषयी इतके का लिहावे, असे तुम्हांला वाटेल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जगातील ११५ प्रमुख खाद्यपिके तपासली होती. त्यांपैकी ८७ पिकांना किडे, पक्षी, वटवाघळे यांच्याकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक लाभ होतो. वजनाने पाहिले तर जगातील सुमारे ६० टक्के अन्न अशा साहाय्याशिवाय पिकते, कारण गहू, तांदूळ, ज्वारी, मका यांना वारा किंवा स्वतःचा पराग पुरतो. म्हणजे किडे नाहीसे झाले तरी भाकरी राहील. जाईल ते भाकरीबरोबरचे : भोपळा, दोडका, कारले, काकडी, पेरू, आंबा, तीळ, कारळे. वय वाढले, दात गेले, भूक मंदावली की माणूस नेमके हेच सोडून भाकरी-आमटीवर, पुढे दूध-बिस्किटांवर येतो. लाल भोपळा तर म्हाताऱ्या माणसाच्या ताटासाठीच केल्यासारखा. मऊ शिजतो, चावावा लागत नाही, आणि त्याच्या केशरी रंगातून शरीर अ-जीवनसत्त्व बनविते. भोपळा खाऊन मोतीबिंदू जात नाही, हेही लगेच सांगतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते, आणि ती पुढे ढकलण्यात काहीच शहाणपण नाही.

फवारणीविषयी डॉक्टर म्हणून थोडे कडक बोलतो. शेतात वापरली जाणारी अनेक जुनी कीटकनाशके ज्या विकरावर आघात करून किड्याच्या मज्जासंस्थेला बंद पाडतात, तेच विकर तुमच्या-माझ्या मज्जातंतूंतही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले ते आपण वाचले आहे. शेताला लागून घर असेल आणि घरात वृद्ध, दमेकरी किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर फवारणीच्या वेळी खिडक्या लावा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, पाण्याची भांडी झाका. अंगाला अचानक दरदरून घाम, तोंडाला लाळ, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, असे दिसले तर ‘पित्त झाले’ म्हणून थांबू नका. डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. आणि फवारायचेच असेल तर सूर्यास्ताच्या सुमारास, माश्या परतल्यावर फवारा. सकाळच्या उघड्या फुलावर कधीही नाही.

मधमाशीची भीती वाटते, तीही खरी आहे. एक-दोन डंखांनी बहुतेकांना सूज आणि ठणका यापलीकडे काही होत नाही. काटा अंगात राहिला असेल तर नखाने, कशानेही, पण लगेच काढावा, कारण मागची विषाची पिशवी काही क्षण भरीत राहते. अंगभर गांधी, ओठ-जिभेला सूज, दम किंवा भोवळ आली तर अॅड्रेनलिनचे इंजेक्शन मिळेल अशा ठिकाणी तत्काळ न्यावे. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांवर हे इंजेक्शन कधी कधी कमी परिणाम करते. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आग्या मोहोळ उठून अनेक डंख झाले असतील तर माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात ठेवावा, मूत्रपिंडावर परिणाम नंतर दिसतो. घराजवळच्या आग्या पोळ्याखाली धूर करणे हा सर्वांत वाईट उपाय. जाणत्या माणसाला बोलवा.

आजींची शस्त्रक्रिया त्या हिवाळ्यात झाली, आधी उजवा डोळा, मग डावा. पुढच्या श्रावणात त्या पुन्हा धाकट्याकडे आल्या, कारण नातवाची शाळा तेथे होती आणि सून आजारी होती. मी गेलो तेव्हा वेल मांडवावर चढली होती. मुलाला मी मणिबेलीत पाहिलेले सांगितले. तो शांतपणे म्हणाला, “ते मला ठाऊक आहे, डॉक्टर. मी तिथेच वाढलो. पण मिरचीचं कर्ज तीळ फेडत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही त्याने एका बांधाला नांगर लावला नव्हता, त्यावर तीळ आणि खुरासणी टाकली होती, आणि फवारणी संध्याकाळवर नेली होती. एका बांधाने शिवार बदलत नाही. म्हणून नातवाला एक काम शिकविले. सकाळी सातच्या आत एक नरफूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या सोलायच्या, मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुले होतात. कुंडीत वेल लावणाऱ्या शहरातील वाचकांनीही हे करून पाहावे. नातवाने हे चोखपणे केले आणि पहिल्या आठवड्यात चार भोपळे धरले. आजींना त्याचे कौतुक होते आणि थोडी लाजही वाटत होती. माशीचे काम माणसाने करायचे, म्हणून त्या हसत होत्या.

रक्तदाब घ्यायला मी एकदा मुद्दाम पहाटे गेलो. आजी नव्या चष्म्याने वेलीकडे पाहत खाटेवर बसल्या होत्या. नातू सोललेले फूल हातात धरून मांडवाखाली उभा होता. त्याने हात वर केला तेवढ्यात आजींनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि त्याला म्हणाल्या, “थांब जरा.”